पाजणारीचं लेकरू

४ एप्रिल १९८३, लातूर
आले बाई एकदाची! बालरोगाचा डिप्लोमा हवा तर चार महिने इथल्या दवाखान्यात काढायचेच. जिल्हा होऊन वर्षही झालं नाही. पाट्या कोऱ्या करकरीत, नळ मात्र ठणठणीत कोरडे. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. माझी दीड वर्षाची शरणू क्वार्टरभर दुडूदुडू धावली. घर पसंत पडलेलं दिसतंय.

७ एप्रिल
वॉर्डभर जुलाबाची लेकरं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. पटकन बसली तर ठीक, उभीच राहिली तर अंगातलं पाणी आटलंय. सहा नंबरच्या खाटेवर औशाकडची एक पोरगी आहे, सोबत कुणी नाही. मीठ-साखरेचं पाणी घटाघटा पिते, तरी कातडी उभीच. आयाबाई कस्तुराबाई म्हणाल्या, बाई, तिला आपल्या हातानं पाजू नका, पाजणारीचं लेकरू सुकतंय. आधीच्या नर्सबाईचं लेकरू लई हाल होऊन गेलं. माझं डोकंच फिरलं. डॉक्टर मी की त्या? सगळ्यांदेखत वाटीनं पाजलं.

१० एप्रिल
सहा नंबरचे गाल वर आले. शरणू मात्र मलूल. जुलाब नाहीत, उलटी नाही, ताप नाही. दात येत असतील. उगीच चिमटी घेतली. कातडी बसायला वेळ लागला.

१२ एप्रिल
शरणूला सलाईन. बाटली संपली, ओठ कोरडेच. तिकडं सहा नंबर वाटी पुढं करूनच राहिली. पाजलं मी. पेशंटला नाही कसं म्हणू?

१३ एप्रिल
शरणू रडते, डोळ्यांत टिपूस नाही —
आज सहा नंबरला पाजलं नाही. कुणाला पाजूही दिलं नाही. देवा, मी डॉक्टर असून एका लेकराला —

१४ एप्रिल, सकाळ
शरणू उठून बसली! हसली! पाणी मागितलं!
कस्तुराबाई धावत आल्या. सहा नंबरची खाट रिकामी हाय, जाताना कुणी बघितलं न्हाई म्हणाल्या. गेली तर गेली. लाज वाटते, पण सुटले बाई.

दुपार
घागर संपली. रांजणही. गाल टम्म फुगलेत शरणूचे, कातडी मात्र — उभी.
कस्तुराबाई उंबऱ्याबाहेरूनच रडून राहिल्या. म्हणतात, ही तुमची ऱ्हायली न्हाई, पाजू नका, आता तुम्हीच सुकाल.
माझी नाही? आई म्हणून हाक मारते की!
जीभ टाळूला — पेन धरवत नाही — तळाशी वाटीभर आहे अजून, तेवढं तिला पाजून मग