वहिनींच्या ब्लाउजचा तुकडा

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. मी नाक्यावर झाडू मारतेय, यायला उशीर होईल.

सकाळी आमची स्वच्छता समिती नाक्यावर कचरा टाकणाऱ्याला शोधायला गेली होती. अध्यक्ष मी, म्हणून सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होते, "कोण हा निर्लज्ज? घरात काही वळण आहे की नाही?" मग पिशवी उघडली. आत माझ्याच शिलाई मशीनखालच्या चिंध्या! समोरच्या वहिनींनी त्यांच्या जांभळ्या ब्लाउजचा तुकडा लांबूनच ओळखला.

रोज "कचरा गाडीत टाकून आलो" म्हणत हात धुता, ती गाडी कुठली हो? पाच पावलं जास्त चालायला लागली असती तर काय पाय झिजले असते?

सापडेल त्याचा फोटो नाक्यावर लावायचा, हा नियम मीच केलाय. आता मोडू कुठल्या तोंडाने? तुमचा फोटो देऊन आले. लग्नातलाच दिला, त्यात तुम्ही जरा बरे दिसता.

टेबलावरची कात्री मशीनच्या खणात ठेवा. त्या फोटोतून मला कापून काढायला घेतली होती.