मायक्रोमीटरची पेटी

मिस्त्री,

पोहे दाबायच्या गिरणीचे एकवीस रोलर. भात भाजायच्या भट्टीवरची नऊ फिरती पिंपं. चाळण्या किती, ते लिहून ठेवायला हवं होतं. पापड लाटायचं एक यंत्र, पायाने चालणारं. बायकोने ते एक दिवस वापरलं आणि पोळपाट परत काढला. हे सगळं माझ्या हातचं, पेणच्या माझ्या शेडमधलं. यातलं काहीही तुम्ही मला शिकवलं नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगतोय.

तुमच्या रोह्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं होतो. तो आयटीआय झालेला, मी नववी नापास. त्याला तुम्ही लेथशी उभं करून ड्रॉइंग वाचायला शिकवायचात. मी खाली लोखंडाचा कीस झाडायचो आणि चहा सांडला म्हणून तुम्ही फेकलेली ड्रॉइंगं घरी नेऊन वाचायचो. एकदा तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी लेथवर एक शाफ्ट कातून उतरवला. तुम्ही येऊन त्यावर बोट फिरवलंत. "माप काय?" मी म्हणालो, नजरेनं केलाय, बरोबर हाय. "नजर पोरगी बघायला ठेव. इथं माप सांग." सगळे हसले, तो सगळ्यात मोठ्याने. पुढे वर्कशॉप बंद केलंत त्या दिवशी तुम्ही केसाची जाडी मोजणारा तुमचा मायक्रोमीटर, लाकडी पेटीसकट, त्याच्या हातात दिलात. शटर अर्धवट अडकायचं, म्हणून ते धरून मी उभा होतो.

तो आखातात गेला, तिथल्या फिलिपिन्सच्या नर्सशी लग्न केलं, आणि आईला बघायला कोणी नाही म्हणून बायकोला घेऊन रोह्याला परत आला. अठरा वर्षं राहिली ती इथे. आता त्याची आई गेली, आणि दोघं कायमची बायकोच्या गावी, फिलिपिन्सला निघालीत. गेल्या रविवारी शेडवर आली होती. साठीला टेकलेला माणूस, आणि तोंडावर तेज असं की वरातीला निघालाय. मी रोह्याला गेलो तरी संध्याकाळी पेणला परत येतो.

"म्हंजे घरजावई?" मी विचारलं.

"व्हय. जळतोस काय?"

"नाय."

ती हसली. "अठरा वर्षं मी याच्या आईकडं राहिले, भावजी. आता हा माझ्या आईकडं राहील. तुमी पन या. आमच्याकडं पोहे हायत, हिरव्या भाताचे. बायका अजून उखळात कांडतात." मग त्याने सांगितलं: तिच्या गावात त्याला पोह्यांची गिरणी टाकायची आहे. यंत्र मी बनवायचं, तीन महिने तिथे राहून बसवून द्यायचं. "दुसऱ्या कोणाचा भरवसा नाय," म्हणाला, आणि टेबलावर पेटी ठेवली. "ही पन तुझीच."

मी उघडली. मायक्रोमीटरचं तोंड मिटलं की काटेकोर शून्यावर यायला हवं; दोन रेघा पुढे जात होतं. कधी तपासलास, विचारलं. "आखातात असताना." इतकी वर्षं, मिस्त्री. मी मायक्रोमीटरच्या तोंडातून कोरा कागद ओढून ते साफ केलं, पेटीतल्याच किल्लीने शून्य जुळवलं, तीनदा मिटवून पाहिलं, आणि पेटी बंद करून त्याच्यापुढे सरकवली. शेड बंद ठेवता येत नाही, असं कारण दिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. शेडला कुलूप आहे आणि ते लागतं, हे तिला दिसत होतं. हवा भरलेल्या फुग्यासारखा तो आला होता. जाताना पेटी काखेत धरून गप्प गेला. त्याचंही मला बरं वाटलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा खोटं लिहायचं कारण नाही. मला ती पेटी हवी होती. त्याच्या हातून नको होती. तो देत होता ते एवढं: चार लाख रुपये, जाण्यायेण्याचं तिकीट, आणि वर तुमचा मायक्रोमीटर.