कोंबड्यांच्या टोपल्यावर वाळवलेला झगा

माय, तुले जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं तुझ्याहून मीच मोठी आहे, म्हणून थोडं मोठेपण घेऊन बोलते. पत्र लिहायची मले सवय नाई. दुसरीपर्यंतची शाळा, तीही पावसाळ्यात गळायची म्हणून बंद; अक्षरं म्हणजे बकऱ्या सुटल्यावानी आहेत. पण तुले तर तेव्हाही वाचता येत नव्हतं, त्यामुळं तू चुका काढशील अशी भीती नाई. मले एकच विचारायचं आहे. त्या गोऱ्या मडमचा झगा तू नासवला होता का नाई? खाटेवर पडली होती तेव्हा माझा हात धरून तू म्हणाली, "मी त्या बाईचा झगा नासवला वं, तरी तिनं आपल्याले खोली देली." मी तुलेच झापलं, "मराच्या टायमाले झगा काय आठवते, देवाचं नाव घे." तू देवाचं नाव घेतलं का झग्याचं, ते मले कळलं नाई, कारण नंतर तू बोललीच नाई. ते वाक्य मात्र माझ्याकडं राह्यलं, अन् त्याचं काय करायचं ते मले आजवर समजलं नाई.

आता हे निघालं ते माझ्या नातीमुळं. ती नागपूरले राहते अन् तिथं एक परदेशी नाच शिकते, पायाच्या अंगठ्यावर उभं राहून करायचा. मी म्हटलं, देवानं अख्खा पाय देला आहे तर अंगठ्यावर काऊन? तर हसली. दिवाळीले आली तेव्हा तिनं पिशवीतून एक पांढरा झगा काढला, अन् माझ्या हातातलं सूप हातातच राह्यलं. वर घट्ट चोळी, खाली जाळीवर जाळी, मच्छरदाणी फाडून शिवल्यावानी. माय, तोच! म्हणजे तोच नाई, पण त्याच जातीचा. हा कमरेतून सरळ बाहेर निघालेला, थाळी धरल्यावानी. विचारलं, नाव काय ह्याचं? म्हणे, टुटू. मी म्हटलं, हे झग्याचं नाव आहे का कुत्र्याले हाक माराचं?

तुले आठवत असेलच, पण मले कसं आठवते ते सांगते. चंद्रपूरले तेव्हा चांदा म्हणत. बा तापानं गेला होता, काकानं आपल्याले घराबाहेर काढलं होतं अन् आपण दोघी मावशीच्या ओसरीवर निजत होतो. मावशीचा नवरा तोंडानं काही म्हणत नव्हता, फक्त आपल्या दोघींच्या ताटाकडं पाहत होता. कोळशाच्या खाणीच्या गोऱ्या म्यानेजरच्या बंगल्यामागं धुणं धुणाऱ्या वरठिणीसाठी बांधलेली खोली रिकामी पडली होती. खानसाम्यानं तुले सांगितलं होतं की मडमले धुणं पसंत पडलं तर खोली तुझी. चादरी पसंत पडल्या, साहेबाच्या विजारी पसंत पडल्या. मग एके दिवशी खानसाम्यानं तो झगा आणून तुझ्या हातात देला. ट्रंकेच्या तळाशी दाबून ठेवलेला, पावसाळ्यात बुरशी चढलेला, घड्या पडून पडून चोथा झालेला. "देख बाई, ये मेमसाब की जान है. जैसा है वैसाच लाना," तो म्हणाला. तू भीत भीत विचारलं, "पण हा हाय कसा?" तो म्हणाला, "मेरे को क्या मालूम? मेरे को तो लगता है बत्ती के ऊपर डालते होंगे." एवढं बोलून तो बाजारात गेला.

मी पाहून राह्यली आहे, तू झरपट नदीच्या काठी गुडघाभर पाण्यात उभी आहेस. रिठ्याच्या फेसात झगा बुडवते अन् झगा मरतो. जेवढा जीव त्याच्यात उरला होता तेवढा पाण्यात उतरतो अन् तुझ्या हातात भिजलेली कोंबडी राहते. तू तो स्वतःच्या कमरेले लावून पाहते, वर कोणतं अन् खाली कोणतं ते समजून घेते. घरी येऊन तू भाताचा मांड काढला, त्या दिवशी मावशीच्या घरी कोणाले पेज भेटली नाई. मांडात झगा बुडवला, पण वाळवाचा कसा? दोरीवर टाकला तर लोंबेल, खाटेवर टाकला तर चेपेल. तू अंगणात पाहत राह्यली, पाहत राह्यली, अन् मग कोंबड्या झाकाचा टोपला उपडा केला, धुतला अन् झगा त्याच्यावर घातला. मी हात पुढं केला तशी म्हणाली, "हात लावशील तर बोटं मोडीन." तू मले एरवी कधी असं बोलत नव्हती. कोंबड्या दिवसभर आपल्यावानी बेघर फिरल्या.

संध्याकाळपर्यंत झगा कडक झाला, पण टोपल्याच्याच आकाराचा, वर निमुळता अन् खाली फुगलेला. काढला तर मोडेल म्हणून तू तो टोपल्यासकट डोक्यावर घेतला. विहिरीवरची एक बाई म्हणाली, "काय वं, कोंबडीचं लगन हाय का आज?" तू मान खाली घातली. मी म्हटलं, "हो, तुह्या घरचा कोंबडा नवरदेव हाय!" तू मले असा चिमटा घेतला की निळं पडलं. माझ्या जिभेचं नाव गावात तिथून झालं.

मडम वऱ्हांड्यात आली. तिनं टोपल्याकडं पाह्यलं अन् तोंडावर हात ठेवला. हसली का रडली, ह्याच्यावर मी साऱ्या जन्मात शंभर वेळा मत बदललं आहे. डोळ्यात पाणी होतं, पण खांदे हसल्यावानी हलत होते. तिनं झगा उचलला, अंगातल्या कपड्यावरच चढवला, चपला काढल्या अन् एक गिरकी घेतली. झगा लहरला नाई. अख्खा एकदम फिरला, अन् धानाच्या वाळल्या तणसावरून चालल्यावानी खसखस वाजला. मग तिनं तुझे रिठ्यानं फाटलेले हात धरले अन् तिच्या भाषेत खूप काही बोलली. सांगाले कोणी नव्हतं, खानसामा नेमका मागं चुलीजवळ होता. बोलून झालं तशी आत गेली अन् दार लावून घेतलं. तू दाराकडं पाहत उभी राह्यली. रस्ताभर मी म्हणत होती, विचार ना, परत जाऊन विचार ना. तू म्हणाली, "खोली गेली वं बाई." दिवे लागाच्या टायमाले खानसामा चाबी घेऊन आला. "मेमसाब बोली, दे दो." काऊन देली ते त्याले माहीत नव्हतं. पुढं साहेबाची बदली झाली, मडम गेली, अन् झगा तुझ्याकडं परत कधी धुवाले आला नाई. खोली मिळाली, मी त्याच खोलीत मोठी झाली, पण तू दरवाजा उघडताना असं उघडायची जसं चोरीच्या घरात चाललो. मी तुले जन्मभर बोलली, तोंड नव्हतं का तुले? इशाऱ्यानं तरी विचाराचं!

नातीले हे सगळं सांगितलं तर ती मोबाइल घेऊन बसली अन् मले झग्याची कुंडली सांगू लागली. म्हणे, अगोदर त्या देशातल्या नाचणाऱ्या बायका जमिनीवर लोळणारे जड घागरे घालत होत्या. मग पायाचं काम दिसाले पाहिजे म्हणून कोणी एकीनं तो थोडा वर घेतला, लोकांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, आम्ही धानाच्या रोवण्याच्या टायमाले लुगडं गुडघ्यापर्यंत खोचतो, चिखलात पाय चालाले पाहिजे म्हणून; आम्हाले काही कोणी मोबाइलात घातलं नाई. तर म्हणे, तसंच आजी. मग हलक्या जाळीचे लांब झगे आले, पोटरीपर्यंतचे, घंटेवानी फुगलेले. बाई भुतावानी तरंगते असं वाटाचं. मग आणखी वर, आणखी वर, करता करता ही थाळी झाली. पण घंटाही अजून घालतात अन् थाळीही, अन् पोरी दोन्हीवर जीव टाकतात. मी विचारलं, मग माझ्या मायनं काय केलं, सांग. ती म्हणाली, "तो लांब असंल तर पणजीनं बरोबर केलं, घंटाच झाली त्याची. आखूड असंल तर बिघडवला. किती लांब होता?"

किती लांब होता, माय? तू नदीत तो कमरेले लावला तेव्हा तुझ्या हिरव्या लुगड्याचा काठ खालून दिसत होता का झाकला होता? कधी मले काठ दिसतो, कधी दिसत नाई. मडमच्या अंगावर आठवाले जाते तर मी तिच्या कमरेएवढी होती, मले सगळंच लांब दिसत होतं. रात्री डोळा लागताना आखूड असतो अन् सकाळी चूल पेटवताना लांब.

शेवटी नातीले म्हटलं, तुझा एखादा जुना झगा दे. तिनं अंगात न बसणारा देला, आखूडच, त्याले ताठ धरणारी मधली तार काढून. नायलॉनची जाळी मांड धरेना, मांड दोनदा चढवला. शेजारणीचा टोपला मागून आणला, उन्हात ठेवला, अन् कोणाले हात लावू देला नाई. दुपारी नात अंगणात आली. तिनं पाह्यलं अन् तोंडावर हात ठेवला. मी उभीच राह्यली. तिनं तो पायजम्यावरच चढवला, एक गिरकी घेतली, तसाच खसखस वाजला. खांदे हलत होते अन् डोळे भरले होते. ह्या वेळी मी म्हटलं, नाई, विचाराचंच.

"बिघडला का वं?"

"बिघडला, आजी," ती म्हणाली. "पण असाच राहू दे."

अन् झगा घालूनच आत गेली.

मी टोपला शेजारणीले परत देला अन् हे लिहाले बसली. हा कागद पोस्टाच्या पेटीत टाकाचा नाई, उद्या चूल पेटवाले कामी येईल. फक्त तुले एवढं सांगते की असाच काऊन राहू दे, हे विचाराले मी तिच्या मागं दारापर्यंत गेली होती. दार उघडंच होतं. ज्या जिभेले अख्खा मोहल्ला भितो, ती तिथं हलली नाई. तू काऊन विचारलं नाई म्हणून तुले जन्मभर बोलली, माय. मलेही नाई विचारता आलं.