स्कॅनआधी काढलेल्या बांगड्या

धाकटे, ताईचा मायेचा धपाटा.

आई ठीक आहे, जेवतेही पोटभर. मेंदूचे दोन्ही स्कॅन झाले. तिचा विसराळूपणा कशाने आलाय, तेच त्यात बघायचं होतं. तुला धास्ती होती तो अल्झायमर नाही. बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब सांभाळा, आहे ते पुष्कळ टिकेल." बाबांना नीट समजावून सांग. ते वेळेवर जेवतात ना?

स्कॅनच्या खोलीत जाताना आईने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "माझं काही बरंवाईट झालं तर या धाकटीला दे. तुला काय, तुझं तू बघतेस."

एवढी वर्षं बघतेच आहे मी. पण निकालाची वाट पाहताना मनात आलं, दुखणं मोठंच निघावं. म्हणजे ते बोलणं आईचं नाही, दुखण्याचं ठरेल. लिहितानाही लाज वाटतेय, पण तुझ्यापासून काय लपवू?

बाबांना सांग, डॉक्टरांनी अजून चार दिवस थांबायला सांगितलंय. खरं तर ते उद्याच घरी जा म्हणालेत. हे चार दिवस मला आईसोबत हवेत. तू न्यायला येऊ नकोस.

तुझीच,
ताई