टबातल्या पालकाला तुरटी

मंगळवार, दिवेलागनीला

पालक गेला. मुळ्या काळ्या, लिबलिबीत झाल्यात. माझ्याच हातानं झालं.

टँकरचं पानी भरलं की तुरटी फिरवायची, ही ल्हानपनापासनं सवय. गेल्या टँकरला हंड्यात फिरवली आन् त्याच नादात खोलीत बिनमातीचा, नुसत्या पान्यावर वाढवलेल्या पालकाच्या टबातबी. ह्यांनी मुंबईवरनं धाडलेलं, त्या पान्यात खतासारखं घालायचं झाडांचं औषध सगळं तळाला बसलं. फोनवर म्हनले, "तुरटी? आगं, ते काय प्यायचं पानी व्हतं व्हय?"

सासूबाई म्हनल्या, "बिनमातीचं कवा काय उगवलंय का?"

माझ्या पोरीच्या, पिंकीच्या अंगात रगत कमी हाय. अंगनवाडीच्या ताईंनी रोज पालेभाजी द्या म्हनून सांगितलं. हितं रानात नुसती कुसळं. म्हनून तर टब मांडला हुता.

आज तिची खालची पापनी वडून बघितली. पांढरी फटक, त्या तुरटीवानी. लय भ्या वाटलं. परत बी टाकलं तरी महिना जानार. तवर पोरीत काय ऱ्हातंय?

मगाशी टँकर आला. भांडी कमी पडली. पालक उकिरड्यावर टाकला, टब घासला आन् त्यात प्यायचं पानी भरलं. पिंकी म्हनली, "मम्मी, पाला कुटं गेला?"

मी टबातल्या पान्यात तुरटी फिरवत बसले.