आतड्याच्या शेवटी कोण उभं राहणार?

ती. चांगुणामावशीस बुद्धप्रियाचा सविनय जयभीम.

इकडे सगळे मजेत आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. तुझं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा घेऊ नकोस, असं मी बी.एस्सी. झाल्यापासून सांगते आहे आणि तेव्हापासूनच तू दोनदा घ्यायला लागलीस, असं तुझ्याच सुगतदादाकडून कळलं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मधेच कुकर उतरवायला जातेस आणि परत येत नाहीस.

गावातल्या मुलींना आणि बायांना दर रविवारी विज्ञान शिकवायचं, हे माझं स्वप्न तुला ठाऊक आहेच. त्यासाठी विहाराची जागा हवी आणि विहार समितीचा अध्यक्ष आहे तुझा धाकटा भाऊ, आपला नरसिंगमामा. मामा म्हणाला, एक रविवार करून दाखव. बाया शेवटपर्यंत थांबल्या तर किल्ली तुझी. (थांबणार नाहीत, अशी त्याला खात्री होती. त्याच्या भाषणाला कुणी थांबत नाही.)

मी विषय घेतला अन्नाचा पोटातला प्रवास. फळ्यावर चित्र काढून भागलं असतं, पण लहान आतडं वीस-बावीस फूट लांब असतं हे चित्रावरून कुणाला पटत नाही. मग मला लुगडं सुचलं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. बावीस फूट लहान आतडं, उरलेले पाच फूट मोठं आतडं. निसर्गाने माणूस नऊवारीच्या मापानेच बेतला आहे! आईने आपलं जुनं पांढरं लुगडं लांबीत दुमडून टाके घातले, मधे मधे हात जाईल एवढ्या फटी ठेवल्या आणि नळी तयार केली. बायांनी ओळीत उभं राहून ती धरायची. गूळ-फुटाण्याचा घास आत सोडला की मागचीने दाबायचं, पुढचीने मूठ सैल करायची. आतडं अगदी असंच करतं, म्हणून तर माणूस आडवा पडला तरी जेवण वाट चुकत नाही. लहान आतड्यातल्या बायांनी फटीतून आपापला वाटा काढून खायचा, हे शोषण. (या शब्दावर आपल्या लोकांचा राग आहे, म्हणून मी 'रस ओढून घेणं' म्हटलं.)

नागुबाई तोंड झाल्या. (दात एकही नाही, पण त्यांच्या तोंडाबद्दल गावात दुमत नाही.) जठर म्हणून गुणाबाईंकडे पिशवी दिली. त्यांनी घास घुसळता घुसळता निम्मा खाल्ला, तेव्हा हे काम आम्लाचं आहे असं सांगून मी वेळ मारून नेली. लहान आतड्यासाठी तर ढकलाढकली झाली. मोठ्या आतड्याला मुश्किलीने दोघी मिळाल्या. आणि शेवटचं टोक, जिथून सगळं बाहेर पडतं, तिथे कुणीच जाईना. मी केवळाआजीला विनवलं. ती जागची हलली नाही.

"पोरी, गावानं आपल्याला शेवटालाच उभं केलं. इहिरीवर शेवट, पंगतीला शेवट. आता आपल्याच विहारात बी शेवट?"

बाया चपला शोधू लागल्या. किल्ली गेली असं वाटलं आणि मी स्वतःच जाऊन टोक धरलं. म्हटलं, शरीरात वरचा-खालचा कुणी नाही. हे टोक दोन दिवस संपावर गेलं तर डोकं, हृदय, तोंड सगळे हात जोडून दारात येतात. आधी नागुबाई हसल्या (अनुभव जुना आहे), मग सगळ्या. घास निघाला. मधे दोघी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत राहिल्या आणि घास तिथेच तुंबला, त्यामुळे बद्धकोष्ठ वेगळं शिकवावं लागलं नाही. अखेर माझ्या ओंजळीत नुसती फोलपटं पडली आणि टाळ्या वाजल्या. नेमका तेव्हा मामा आत आला.

"हे काय करून राहिलात?"

"तुझ्या पोटात काय चालतं ते बघून राहिलोत, नरसिंग," नागुबाई म्हणाल्या. "लई गर्दी हाय!"

एकही बाई गेली नव्हती. मामाने मुकाट्याने किल्ली दिली. जाताना केवळाआजी म्हणाली, "नंबर लावून असंल तर मी बी उभी राहीन. पण नंबर समद्यांचा." मला रात्रभर झोप आली नाही, इतका आनंद झाला.

तुझी भाची,
बुद्धप्रिया

ता.क. – किल्ली दिली हे खरं, पण मामा ती परत मागतो आहे. बायांनी येत्या रविवारी पुन्हा हाच खेळ मागितला आणि शेवटचा मान अध्यक्षाला दिला. मामा म्हणतो, मी तोंड होईन, फार तर जठर होईन. बाया म्हणतात, नरसिंग टोकाला असंल तरच येऊ. अख्ख्या मुदखेड तालुक्यात त्याला दटावणारं कुणी नाही. तू थोरली बहीण. शनिवारी त्याला फोन कर.

पुन्हा ता.क. – आई म्हणते, फोनवर तो ऐकणार नाही, तूच ये. पाहुणीला नंबर माफ आहे का, असं मी केवळाआजीला विचारलं. ती म्हणाली, "माफ कशाला? तिचा आधी लावू. थोरली उभी राहिली की धाकटा कुठं पळतो?" मी तुझ्या वतीने हो सांगून टाकलं आहे.