भिंती वाळवण्याचा भाव

देहरादून, २ सप्टेंबर

तीर्थस्वरूप कमलेश्वरीदीदीस, धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? आमचे चिखलात आहेत. तुझी भावजय, दर्शनी, ठीक आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही.

मंगळवारी सकाळी मी न्हाणीत असताना घरामागचा ओढा (दलालाच्या भाषेत 'मोकळी, कोरडी जागा') थेट स्वयंपाकघरातून आत आला. न्हाणीचं दार फुगून घट्ट बसलं. मी आतून ओरडतोय आणि ही बाहेरून विचारतेय, "आधी सिलिंडर काढू की तुम्हाला?" (आधी सिलिंडर निघाला.) मग तिने वरवंट्याने दार फोडलं आणि मी पंचा नेसून, बादली छातीशी धरून बाहेर आलो. शेजारचे कुकरेती गच्चीवरून म्हणाले, "नौटियालजी, पाणी दारात आलंय, बादली कशाला?"

तासाभरात पाणी गेलं, चिखल मुक्कामाला राहिला. तू पाठवलेल्या गहताला, कुळथाच्या अख्ख्या पोत्याला, मोड आले. चार दिवस त्याचीच आमटी, फाणूच खातोय. विम्याचे साहेब बूट न काढता आत आले (काढा म्हणायची सोयच नव्हती), नकाशा पाहिला आणि म्हणाले, "ओढा तुमच्या घरात आलेला नाही, तुमचं घर ओढ्यात आलेलं आहे." चहाही न घेता गेले.

मग भिंती वाळवणारा धीमान आला. भिंतीला कान लावून वैद्यासारखा म्हणाला, "अंकल, आत अजून पाणी आहे." तीन यंत्रं, दहा दिवस, प्लास्टर, तारा मिळून एक लाख नव्वद हजार! मी म्हटलं, ऊन फुकट असतं. "मग बोलवा उन्हाला," म्हणाला. तेव्हापासून पाऊस थांबलेला नाही.

दीदी, बत्तीस वर्षांची नोकरी या भिंतींत घातली. काल दर्शनी लग्नाच्या फोटोंवरचा चिखल पुसत होती. पुसता पुसता चेहरेच निघून गेले. ती रडली नाही. फडकं पिळलं आणि पुढचा फोटो घेतला. मला बघवेना, म्हणून मी उगाच विजेचा मीटर बघायला बाहेर गेलो.

गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा,
चक्रधर

ता. क. : गावचं घर विकायच्या कागदावर तुझी सही हवी म्हणून मी जूनमध्ये लिफाफा पाठवला होता. सही करू नकोस. केली असशील तर परत पाठवू नकोस. तिथली वरची खोली रिकामी आहे ना?

ता. क. दुसरा (हे दर्शनी लिहितेय) : दीदी, लिफाफा तुम्हाला मिळालेलाच नाही. यांनी तो पोस्टात टाकायला दिला आणि मी पिठाच्या डब्याखाली ठेवला. पुरानंतर घरातलं सगळं वाळत घातलं, तेवढा एक सोडून.